ऑफिसच्या कामात चॅटबॉटकडून उपयोगी पडेल असं उत्तर कसं मिळवायचं?

नोंदवही

मी पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या सर्व्हिस विभागात आहे. फील्डवरचे इंजिनिअर रोज सर्व्हिस रिपोर्ट पाठवतात. आठवड्याअखेर त्यांचा गोषवारा करून साहेबांना द्यायचा, ग्राहकांच्या मेलना उत्तरं लिहायची आणि आढावा बैठकीचं इतिवृत्त तयार करायचं, ही कामं माझ्याकडे. कंपनीने आता सगळ्यांना चॅटबॉट दिलाय आणि तो वापरा असा आग्रहही आहे. माझी ना नाही, वेळ वाचला तर हवाच आहे. पण जे हाती येतं ते पुढे पाठवण्यासारखं नसतं.

नेमकं सांगतो. रिपोर्ट एकत्र करून टाकले आणि "याचा गोषवारा दे" म्हटलं की सुबक परिच्छेद येतात. "सील गळतीच्या काही तक्रारी आढळल्या, तसेच मोटर गरम होण्याच्या समस्याही दिसून आल्या." आता त्याच रिपोर्टांत एकाच मॉडेलचं मेकॅनिकल सील पंप बसवल्यापासून महिन्याच्या आत गेल्याची नोंद तीन वेगवेगळ्या ग्राहकांकडची आहे. साहेबांना हवं असतं ते हेच, आणि नेमकं तेच "काही तक्रारी"मध्ये विरघळून जातं.

कुठल्या मॉडेलच्या किती तक्रारी असं विचारलं तर आकडा मिळतो, पण पुन्हा विचारलं की वेगळा. "नक्की का?" म्हटलं की माफी मागून तिसराच आकडा देतो. ग्राहकाच्या मेलचं उत्तर लिहायला सांगितलं तर त्यात "आम्ही आपला पंप तातडीने बदलून देऊ" असं परस्पर आश्वासन येतं. पंप कोरडा चालवल्यामुळे सील जळलं असेल तर ते आमच्याकडे वॉरंटीत बसतच नाही.

ऑफिसात सध्या "हे प्रॉम्प्ट वापरा" अशी, म्हणजे चॅटबॉटला द्यायच्या तयार सूचनांची, एक लांबलचक यादी फिरतेय. "तू वीस वर्षं अनुभव असलेला तज्ज्ञ आहेस" वगैरे. मला त्याने फारसा फरक जाणवला नाही. रोजच्या कामात तुम्ही प्रत्यक्ष काय करता आणि कशाने फरक पडला, हे कुणी सांगेल का?


चौकट

यादीवर वेळ घालवू नका, पण तीन गोष्टी प्रत्येक वेळी सांगत चला: कोण वाचणार आहे, किती लांब हवं आणि कशा स्वरूपात हवं. एका वेळी एकच काम सांगा. "गोषवारा कर, तक्ता बनव आणि साहेबांना मेलही लिही" असं एकदम सांगितलं की तिन्ही अर्धवट होतात. जमलेला प्रॉम्प्ट फाइलमध्ये जपून ठेवा, पुढच्या आठवड्यात तोच चालतो. माझं एवढ्यावर भागतं.


रंधा

मी यंत्रांच्या देखभालीची मॅन्युअल लिहिते, त्यामुळे तुमचा प्रश्न अगदी जवळचा वाटला. माझ्या कामात बोल्ट आवळायचा टॉर्क चुकीचा छापला गेला तर बोल्ट तुटतो किंवा सैल राहून गळती सुरू होते. म्हणून चॅटबॉटला काहीही सांगण्याआधी मी स्वतःला एक प्रश्न विचारते: येणारं उत्तर मी कशावर तपासणार? हे आधी ठरलं की प्रॉम्प्टमध्ये काय लिहायचं ते आपसूक कळतं. ते ठरलं नसेल तर कुठल्याही यादीतलं वाक्य उपयोगाचं नाही.

तुमचा गोषवाराच घेऊ. तो चांगला झाला असं तुम्ही कधी म्हणाल? तुमच्या लिहिण्यातूनच कळतंय की एकाच मॉडेलचा तोच भाग एकाहून अधिक ठिकाणी गेला असेल तर ते सगळ्यात वर यायला हवं. बसवल्यापासून किती दिवसांत गेला हे हवं. शिवाय साहेबांनी "हे कुठून आलं?" विचारलं तर दाखवता यावं म्हणून प्रत्येक विधानापुढे रिपोर्ट क्रमांक हवा. या तिन्ही कसोट्या तुमच्या डोक्यात आहेत. "याचा गोषवारा दे" या वाक्यात त्यातली एकही नाही.

आणि जे तुम्ही सांगत नाही ते तो रिकामं ठेवत नाही, हे लक्षात घ्या. चॅटबॉटमागची ही भाषिक मॉडेल्स प्रचंड मजकुरावर शिकलेली असतात आणि आतापर्यंतच्या मजकुरापुढे कुठला तुकडा येणं संभवतं हे ठरवत पुढे लिहीत जातात. तुम्ही मोकळ्या सोडलेल्या जागी सर्वसाधारणपणे जे लिहिलं जातं ते येतं. गोषवारा म्हटला की "काही तक्रारी आढळल्या" असंच बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं, म्हणून तुम्हालाही तेच मिळालं.

मी तुमच्या जागी असते तर हे काम दोन टप्प्यांत केलं असतं. पहिल्या टप्प्यात गोषवारा मागायचाच नाही. फक्त माहिती उचलायला सांगायची, साधारण अशी:

"खाली सर्व्हिस रिपोर्ट दिले आहेत. प्रत्येकाच्या सुरुवातीला रिपोर्ट क्रमांक आहे. प्रत्येक रिपोर्टसाठी तक्त्यात एक ओळ कर. रकाने असे: रिपोर्ट क्रमांक, मॉडेल, पंप बसवल्याची तारीख, बिघाडाची तारीख, बिघडलेला भाग, इंजिनिअरने लिहिलेलं कारण. कारण इंजिनिअरच्याच शब्दांत, जसंच्या तसं उतरव. एखादी माहिती रिपोर्टमध्ये नसेल तर त्या रकान्यात 'नोंद नाही' असं लिही. स्वतः अंदाज करू नको. एकही रिपोर्ट वगळू नको."

यातलं "नोंद नाही" फार महत्त्वाचं आहे. फील्डवरचे रिपोर्ट घाईत लिहिलेले असतात, बसवल्याची तारीख कित्येकदा नसतेच. रिकामं सोडायची परवानगी दिली नाही तर तिथे शोभेलशी तारीख येऊन बसायची शक्यता असते आणि ती खरी आहे की नाही हे तक्त्याकडे बघून कळणार नाही. "जसंच्या तसं"चंही तेच. इंजिनिअरने "बहुधा ड्राय रन" (म्हणजे पंप कोरडा चालला) लिहिलं असेल तर त्यातला "बहुधा" जाता कामा नये, कारण वॉरंटीचा निर्णय त्या एका शब्दावर फिरतो.

हा तक्ता एक्सेलमध्ये घ्या आणि मोजणी तिथे पिव्होटने (गट पाडून मोजणाऱ्या तक्त्याने) करा. तुमचे आकडे दर वेळी का बदलतात तर मजकूर लिहिताना तो एकेक करून मोजत नाही, आकडासुद्धा पुढचा संभाव्य तुकडा म्हणूनच येतो. त्यात शब्द निवडताना थोडी यादृच्छिकता मुद्दाम ठेवलेली असते, म्हणून तोच प्रश्न पुन्हा विचारला तर उत्तर हलतं. काही चॅटबॉट आतल्या आत छोटा प्रोग्राम लिहून आणि चालवून मोजतात. तसं केल्याचं स्क्रीनवर दिसत असेल तर आकड्यावर भरवसा वाढतो. नुसतं वाक्यात आकडा आला असेल तर तो मोजलेला आहे असं धरू नका. एक्सेलचं सूत्र हवं असेल तर ते मात्र त्याच्याकडून लिहून घ्या, ते काम तो उत्तम करतो आणि सूत्र बरोबर आहे की नाही हे चार ओळींवर चालवून लगेच कळतं.

दुसऱ्या टप्प्यात नवीन चॅट उघडा, मोजून झालेला तक्ता द्या आणि तेव्हा लिहायला सांगा. "हे सर्व्हिस प्रमुख वाचणार आहेत. कुठला बिघाड उत्पादन विभागाकडे न्यायचा हे त्यांना यावरून ठरवायचं आहे. एकाच मॉडेलचा तोच भाग दोन किंवा अधिक ग्राहकांकडे बिघडला असेल तर ते सर्वांत वर घे. बसवल्यापासून किती दिवसांत गेला ते लिही. प्रत्येक विधानापुढे रिपोर्ट क्रमांक दे. तक्त्यात नसलेलं काही लिहू नको. एका पानात बसव." तुमचे सीलचे तीन रिपोर्ट आता विरघळणार नाहीत.

रिपोर्ट खूप असतील तर एकदम सगळे टाकण्यापेक्षा थोडे थोडे द्या. लांबलचक मजकुराच्या मध्यभागी असलेली माहिती मॉडेल्सना सुरुवातीच्या आणि शेवटच्या माहितीइतकी नीट वापरता येत नाही, असं 2023 साली संशोधकांनी प्रयोग करून दाखवलं होतं. त्यानंतरची मॉडेल्स सुधारली आहेत, पण वगळलेला रिपोर्ट ही अशी चूक आहे की ती दिसत नाही, म्हणून मी अजूनही तुकडे करून देते. आणि तक्त्याच्या ओळी मोजते: दिले तेवढे रिपोर्ट, तेवढ्या ओळी. मोठा मजकूर देताना सूचना मजकुराच्या खाली, शेवटी लिहायची सवयही उपयोगी पडते.

"तू वीस वर्षं अनुभव असलेला तज्ज्ञ आहेस" याने भाषेचा सूर बदलतो. तुमच्या पंपाबद्दल, तुमच्या वॉरंटीबद्दल त्याला जे माहीत नाही ते त्याने माहीत होत नाही. त्या एका ओळीच्या जागी वॉरंटीच्या अटींचा उतारा चिकटवा, तो कितीतरी जास्त कामाला येईल.


ठाम_मत

रंधाताई, सगळं पटलं, पण एवढं सगळं लिहिण्यात जो वेळ जातो त्यात माझा गोषवारा हाताने लिहून होतो. दोन टप्पे, तक्ता, मग तपासणी, मग पुन्हा लिहून घेणं. यात वाचलं काय? माझ्या विभागात तर मी पाहतो की लोक चॅटबॉटकडून मसुदा घेतात, मग तो दुरुस्त करत बसतात आणि त्याला काम झालं म्हणतात.


रंधा

ठाम_मत, तुमचा मुद्दा योग्य आहे आणि काही कामांसाठी उत्तर "वापरू नका" हेच आहे. पाच-सहा रिपोर्ट असतील तर मीही हातानेच लिहीन. पण नोंदवहींचं काम दर आठवड्याचं आहे. प्रॉम्प्ट एकदा बसवला की पुढे फक्त रिपोर्ट बदलतात.

कुठलं काम द्यायचं आणि कुठलं नाही, याबद्दल 2023 साली हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या आणि इतर संशोधकांनी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या 758 सल्लागारांवर केलेला एक प्रयोग मला फार शिकवून गेला. जी कामं मॉडेलच्या आवाक्यातली होती तिथे ते वापरणाऱ्यांनी सरासरी 12.2 टक्के जास्त कामं पुरी केली आणि तीही 25.1 टक्के लवकर. पण एक काम मुद्दाम आवाक्याबाहेरचं निवडलं होतं. आकड्यांचा तक्ता एक सांगत होता आणि मुलाखतींमधले बारकावे वेगळंच सुचवत होते. तिथे मॉडेल वापरणाऱ्यांची उत्तरं बरोबर यायचं प्रमाण न वापरणाऱ्यांपेक्षा 19 टक्के अंकांनी घसरलं. ही सगळी हुशार, अनुभवी माणसं होती. आणि कुठलं काम आवाक्यात आहे, कुठलं नाही हे वरून दिसत नाही, दोन्ही कामं सारखीच अवघड वाटतात.

म्हणून मी पुन्हा तपासणीवरच येते. उत्तर तपासायला ते स्वतः तयार करण्यापेक्षा खूप कमी वेळ लागत असेल तर ते काम चॅटबॉटला द्यावं. रिपोर्टमधून मॉडेल आणि तारीख उचलणं असं आहे: कुठलेही काही रिपोर्ट उघडून पडताळले की अंदाज येतो. सील का गेलं हे ठरवणं तसं नाही. त्यासाठी कुणीतरी सीलच्या घासल्या गेलेल्या बाजू डोळ्यांनी बघायला हव्यात, आणि चॅटबॉटने सांगितलेलं कारण बरोबर आहे का हे तपासायचं म्हणजे तीच सगळी मेहनत पुन्हा करायची. ते काम इंजिनिअरकडेच राहू द्या.


पाणचक्की

एक शंका. आमच्याकडे रिपोर्ट अर्धे मराठीत, अर्धे इंग्रजीत असतात आणि नोटिसा मराठीत काढाव्या लागतात. प्रॉम्प्ट मराठीत लिहावा की इंग्रजीत? मराठीत मागितलं तर येणारी भाषा फार कोरडी, सरकारी वाटते.


चौकट

मी मराठीतच लिहितो, मोठ्या मॉडेल्सना व्यवस्थित कळतं. मजकूर ज्या भाषेत आहे त्याच भाषेत द्या, आधी भाषांतर करत बसू नका. उत्तर कुठल्या भाषेत हवं ते स्पष्ट सांगा, नाहीतर मिसळ होते. एक तांत्रिक भाग: देवनागरी मजकूर मॉडेलच्या आत इंग्रजीपेक्षा जास्त टोकन (मॉडेल मजकूर ज्या छोट्या तुकड्यांत वाचतं ते) खातो, म्हणून एका चॅटमध्ये मावणारा मराठी मजकूर कमी असतो. लांब फाइल असेल तर हे लक्षात ठेवा.


रंधा

भाषेचा सूर सांगून जमत नाही, दाखवून जमतो. "सोप्या, आपुलकीच्या मराठीत लिही" हे तुम्हाला आणि मला कळतं, पण प्रत्येकाची सोपी मराठी वेगळी. तुमच्याच विभागातल्या कुणा चांगलं लिहिणाऱ्याच्या दोन-तीन जुन्या नोटिसा चिकटवा आणि "यांच्यासारखी वाक्यरचना आणि शब्द ठेवून नवी नोटीस लिही" म्हणा. प्रॉम्प्टमध्येच थोडी उदाहरणं दिली की मॉडेल नव्याने न शिकवताही ती रीत उचलतं, हे जीपीटी-3 या मॉडेलच्या वेळी, 2020 सालीच, ठळकपणे समोर आलं होतं. आजही सगळ्यात खात्रीचा उपाय मला हाच वाटतो. उदाहरणं निवडताना एकाच छापाची घेऊ नका. तीनही नोटिसा सुट्टीच्या असतील तर सुरक्षेची नोटीसही सुट्टीसारखीच येते.

नोंदवही, ग्राहकांच्या मेलचं तुमचं दुखणं याच औषधाने बरं होईल. तुम्ही स्वतः लिहिलेली दोन उत्तरं द्या: एक दावा मान्य केल्याचं, एक नाकारल्याचं. नाकारल्याचं उत्तर जास्त मोलाचं आहे. नम्रपणे नाही कसं म्हणायचं हे त्याला तुमच्या उदाहरणावरूनच कळेल, एरवी त्याचा कल होकाराकडे असतो. सोबत वॉरंटीच्या अटींचा उतारा आणि स्पष्ट सूचना: "या अटींपलीकडचं कुठलंही आश्वासन देऊ नको. बदली, परतावा किंवा तारीख यांबद्दलचा निर्णय मी दिला नसेल तर तिथे 'निर्णय भरायचा' असं लिहून जागा सोड."

त्या आश्वासनाकडे दुर्लक्ष करू नका असं मी कळकळीने सांगते. कॅनडात एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीच्या भाड्याबद्दल चुकीची माहिती दिली होती. प्रकरण लवादापुढे गेलं. चॅटबॉटच्या बोलण्याची जबाबदारी आपली नाही असा पवित्रा कंपनीने घेतला, तो फेटाळला गेला आणि 2024 साली कंपनीला भरपाई द्यावी लागली. तिथे ग्राहक थेट चॅटबॉटशी बोलत होता. तुमच्या मेलखाली तर तुमचं नाव असणार.


कुलूप

मी माहिती सुरक्षेत काम करतो, म्हणून एवढं सांगतोच. वर "जुने मेल चिकटवा", "रिपोर्ट चिकटवा" असं आलंय. चिकटवण्याआधी ग्राहकाचं नाव, फोन, पत्ता, पंपाचा अनुक्रमांक काढा. त्या जागी ग्राहक-1, ग्राहक-2 असं टाका, गोषवाऱ्याला तेवढं पुरतं. कंपनीने दिलेला चॅटबॉट आणि आपल्या खासगी खात्यातला चॅटबॉट यांत फरक आहे: कंपनीच्या करारात माहिती कुठे राहते आणि प्रशिक्षणासाठी वापरली जाते का हे सहसा लिहिलेलं असतं, खासगी खात्यात ते त्या खात्याच्या सेटिंगवर ठरतं. 2023 साली सॅमसंगमधल्या कर्मचाऱ्यांनी कंपनीचा अंतर्गत सोर्स कोड चॅटजीपीटीमध्ये टाकल्याचं उघड झालं आणि कंपनीने अशा साधनांच्या वापरावर बंधनं घातली. त्यांचा हेतू काम लवकर उरकण्याचाच होता. तुमच्या कंपनीचा नियम काय आहे तो लेखी मागून घ्या.


नोंदवही

सगळ्यांचे मनापासून आभार. रंधाताई, या आठवड्याचे रिपोर्ट तुमच्या पद्धतीने केले. तक्ता बराच नेटका आला आणि "नोंद नाही" इतक्या ठिकाणी आलं की साहेबांनी तोच विषय पुढे नेला. आता इंजिनिअरना बसवल्याची तारीख लिहिणं सक्तीचं करणार आहेत. सीलचा मुद्दा पहिल्या ओळीत आला.

दोन गोष्टी अजून अडतात. एक, "नक्की का?" विचारलं की तो अजूनही कोलांटी मारतो. बरोबर असलेलं उत्तरही बदलतो. मग पडताळायचं कसं? आणि दोन, इतिवृत्त. बैठकीच्या रेकॉर्डिंगवरून आलेला मजकूर देऊन इतिवृत्त मागितलं की कोण काय बोललं याची लांबण येते, आणि जे नुसतं बोलणं झालं तेही निर्णय म्हणून येतं.


रंधा

"नोंद नाही"मुळे रिपोर्टचा फॉर्मच सुधारणार, हे वाचून फार आनंद झाला.

"नक्की का?" हा प्रश्न सोडून द्या. त्यात तुमची नाराजी दिसते आणि मॉडेल नाराजीला उत्तर देतं. माणसांनी पसंत केलेल्या उत्तरांवरून त्यांना वळण लावलेलं असतं आणि माणसांना दुजोरा आवडतो, त्यामुळे हा कल त्यांच्यात येतो. 2025च्या एप्रिलमध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीमधला एक बदल थोड्याच दिवसांत मागे घ्यावा लागला, कारण तो जास्तच हांजी हांजी करू लागला होता. आता सुधारणा आहे, पण कल पूर्ण गेलेला नाही.

त्याऐवजी पुरावा मागा. "रिपोर्ट क्रमांक अमुकमधलं ज्या वाक्यावरून तू हे लिहिलंस ते वाक्य जसंच्या तसं दे." आणि ते वाक्य मूळ फाइलमध्ये स्वतः शोधा. सापडलं तर ठीक, नाही तर ती ओळ काढून टाका. शोधायचं काम मात्र आपणच करायचं. न्यूयॉर्कमध्ये 2023 साली एका खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयात सादर केले आणि त्यांना 5,000 डॉलरचा दंड झाला. त्यांतल्या एका वकिलाने चॅटबॉटला विचारलंही होतं की हा निवाडा खरा आहे का, आणि त्याने हो म्हणून सांगितलं होतं. त्यालाच विचारणं ही पडताळणी नव्हे.

मत हवं असेल तर प्रश्नात आपला कल उघड करू नका. "ड्राय रनमुळेच सील गेलं ना?" असं विचारलं की होच येणार. "या रिपोर्टांमधून सील जाण्याची कुठली कारणं सुचतात, आणि प्रत्येकाच्या बाजूने आणि विरुद्ध रिपोर्टमध्ये काय आहे?" असं विचारा. आणि संभाषण एकदा भरकटलं की त्याच चॅटमध्ये दुरुस्त्या करत बसू नका. आधीची चुकीची उत्तरंही त्या चॅटमध्ये वाचली जात असतात आणि पुढच्या उत्तरांत त्यांची छाया पडते. जे शिकलात ते मूळ प्रॉम्प्टमध्ये घाला आणि नवीन चॅट उघडा.

तुमच्या यादीत "पायरी पायरीने विचार कर" हेही असणार. त्याला एके काळी खरोखर आधार होता, 2022 सालच्या संशोधनात गणितासारख्या प्रश्नांवर त्याने उत्तरं सुधारली होती. आता बऱ्याच चॅटबॉटमध्ये उत्तराआधी विचार करणारा पर्याय वेगळा असतो, तो निवडला की हे वाक्य लिहायची गरज उरत नाही.

इतिवृत्ताचं सांगते. पुन्हा आधी कसोटी: बैठकीला नसलेल्या माणसाला ते वाचून आपल्याला काय करायचंय हे कळलं पाहिजे. मग निर्णय म्हणजे काय हे तुम्हीच त्याला सांगा. माझा प्रॉम्प्ट असा असतो:

"निर्णय म्हणजे ज्यावर बैठकीत कुणीतरी स्पष्टपणे 'ठरलं', 'करूया' असं म्हटलं किंवा प्रमुखांनी मान्यता दिली तेच. नुसती सूचना किंवा मत असेल तर ते 'चर्चा झाली, निर्णय नाही' या वेगळ्या भागात टाक. प्रत्येक निर्णयापुढे जबाबदार व्यक्ती आणि मुदत लिही. बैठकीत ती ठरली नसेल तर 'ठरलेली नाही' असं लिही. प्रत्येक निर्णयाखाली तो ज्या बोलण्यावरून घेतला ते मूळ वाक्य दे."

मूळ वाक्यं तपासून झाली की पाठवण्याआधी काढून टाकायची. ती फक्त तुमच्यासाठी. रेकॉर्डिंगवरून आलेल्या मजकुरात नावं आणि मॉडेल नंबर हमखास चुकीचे ऐकले जातात, म्हणून हजर लोकांची नावं आणि तुमच्या मॉडेलची यादी प्रॉम्प्टमध्ये आधीच द्या. दोन माणसं एकदम बोलली असतील तर कोण बोललं हे तो चुकवतो, तेव्हा जबाबदार व्यक्तीचा रकाना डोळ्यांखालून घालाच. आणि बैठक रेकॉर्ड होतेय हे सुरुवातीलाच सगळ्यांना सांगून त्यांची संमती घ्या.


ठाम_मत

"चर्चा झाली, निर्णय नाही" हा भाग मी आजच उचलला. आमच्या बैठकांमध्ये भांडणं त्यावरूनच होतात. नोंदवही, तुमचा गोषवाऱ्याचा प्रॉम्प्ट आता जसा बसलाय तसा इथे टाकाल का? कंपनीचं काही असेल तर ते काढून.


नोंदवही

टाकतो. साहेबांना एकदा दाखवून घेतो, कुलूप म्हणाले तसं आधी नियम विचारतो आणि मग इथेच देतो. ताई, इतिवृत्ताची बैठक सोमवारी आहे. हजर लोकांची नावं आणि मॉडेलची यादी आत्ताच तयार करून ठेवतोय.